शेवटून पहिला

मराठी घरांत एक जुना विनोद आहे. मुलाचा निकाल लागलेला असतो. "कितवा आला?" असे पाहुणे विचारतात आणि काका मिस्कीलपणे सांगतात, "पहिला! पण शेवटून." सगळे हसतात, मुलगा ओशाळतो आणि विषय तिथेच संपतो. त्या दिवशीचा ओशाळेपणा मात्र संपत नाही. तो माणसाला आयुष्यभर पुरतो. ज्याने चाळीस वर्षे पेढी सांभाळली, मुलामुलींची लग्ने केली, संघाच्या प्रत्येक कार्यात पुढाकार घेतला, असा साठीचा गृहस्थही सामुदायिक धावेची नोंदणी सुरू झाली की नातवंडांची नावे देऊन मोकळा होतो. "आपले काय काम तिथे? सगळ्यांच्या मागे राहायचे आणि लोकांना हसवायचे!" गुडघ्यांचे कारण तो नंतर सांगतो. आधी सुचते ते हसण्याचे कारण.

घरातील गृहिणीचेही तसेच. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती पायांवर उभी असते. परंतु भर रस्त्यावर, चारचौघांत, साडीखाली बूट घालून धावायचे म्हटले की तिचे पाऊल उंबऱ्यातच अडखळते. सासूबाई काय म्हणतील, शेजारी काय म्हणतील, याचा हिशेब ती अंतराच्या हिशेबाआधी करते.

या संकोचावर गेल्या काही दशकांत जगात ठिकठिकाणी एक साधा उपाय सापडला आहे. धाव ठेवायची, पण हळू धावणाऱ्यांसाठी. घड्याळाला फारसे महत्त्व द्यायचे नाही, मध्येच चालायची मोकळीक ठेवायची, गप्पांना मनाई करायची नाही आणि शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत कोणी घरी जायचे नाही. ऐकताना ही गंमत वाटते. तिच्यामागचा विचार मात्र गंभीर आहे आणि त्याच्या खुणा पुण्याच्या नारायण पेठेच्या परिसरातही सापडतात.

लकडी पुलाच्या दोन बाजू

नारायणराव पेशव्यांच्या नावाने वसलेली ही पेठ मुठा नदी आणि लक्ष्मी रस्ता यांच्यामध्ये पसरली आहे. केसरीवाडा, मोदी गणपती, पत्र्या मारुती ही तिची ठिकाणे पुणेकरांना घरच्या पत्त्यासारखी पाठ असतात. पेठेच्या टोकाला लोकमान्य टिळक चौक आहे. पण सारे शहर त्याला 'अलका टॉकीज चौक' म्हणूनच ओळखते. तेथून पुढे लकडी पूल. त्याच्या नावात लाकूड राहिले, पुलातून ते केव्हाच गेले. पूल ओलांडला की डेक्कन जिमखाना लागतो.

भारताच्या मॅरेथॉनचा आरंभ याच जिमखान्याशी जोडलेला आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांनी भूषविले होते. १९१९ च्या सुमारास जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा पाहताना त्यांचे लक्ष लांब पल्ल्याच्या शर्यतीकडे गेले. धावणारे बहुतेक शेतकरी कुटुंबांतील तरुण होते. पायांत बूट नव्हते, शास्त्रशुद्ध सराव नव्हता, आहारही साधा होता. तरीही त्यांची दमदार धाव पाहून ही मुले ऑलिंपिकला गेली पाहिजेत असे टाटांच्या मनाने घेतले. त्यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये बेल्जियममधील अँटवर्पला एक छोटा भारतीय चमू गेला.

बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले त्या चमूत होते. २२ ऑगस्ट १९२० रोजी ते अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये उतरले. त्या वर्षीचे अंतर आजच्या ४२.१९५ किलोमीटरांपेक्षाही अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होते. चौगुले यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण केले आणि त्यांचा एकोणिसावा क्रमांक आला. फिनलंडचे विजेते हान्नेस कोलेहमाइनेन त्यांच्या अठरा मिनिटे आधी पोहोचले होते. चौगुले यांच्यासमवेत धावलेले सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. पदक दोघांपैकी कोणालाच मिळाले नाही. ऑलिंपिकमधील भारतीय मॅरेथॉनचा इतिहास असा एकोणिसाव्या क्रमांकापासून सुरू होतो आणि त्यात कमीपणा वाटावा असे काहीही नाही.

पुढे १९८३ मध्ये पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली आणि शहराला धावण्याची ओळख नव्याने झाली. डिसेंबरच्या थंडीत आफ्रिकेतील सडपातळ धावपटू रस्त्यावरून वाऱ्यासारखे जातात, तेव्हा बाल्कन्यांतून टाळ्या पडतात. ते सव्वादोन तासांच्या मागेपुढे शर्यत संपवतात. कोणत्याही मोठ्या मॅरेथॉनमध्ये त्यानंतरही दोन-तीन तास माणसे येतच असतात. पोट थोडे सुटलेले, चेहरा लालबुंद झालेला, एक पाय ओढत येणारी ही माणसे बहुधा कोणाच्या छायाचित्रात नसतात. मोठ्या शर्यतीला रस्ते ठरलेल्या वेळी वाहतुकीसाठी मोकळे करावे लागतात, म्हणून वेळेची मर्यादा अपरिहार्य असते. ती संपली की मागे राहिलेल्याने पदपथावर यायचे किंवा गाडीत बसायचे. यात आयोजकांचा दोष नाही. ती शर्यतच निराळ्या कामासाठी असते. हळू चालणाऱ्यासाठी निराळी धाव हवी.

पालखीची चाल

अशी निराळी चाल अलका चौकाने पिढ्यान्पिढ्या पाहिली आहे. आषाढी वारीच्या निमित्ताने आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात येते. फर्ग्युसन रस्त्याने येऊन लकडी पूल ओलांडायचा आणि अलका चौकातून लक्ष्मी रस्त्याने पुढे भवानी पेठेत व नाना पेठेत मुक्कामाला जायचे, हा नेहमीचा मार्ग. त्या दिवशी असंख्य पुणेकर पहाटेच आळंदी गाठतात आणि पालखीबरोबर पुण्यापर्यंत पायी येतात. हे अंतर वीस किलोमीटरांहून अधिक भरते. क्रीडेच्या भाषेत सांगायचे तर ती जवळजवळ अर्धमॅरेथॉन झाली.

तरीही त्या गर्दीत कोणाच्या छातीवर क्रमांक नसतो. कोणी किती वाजता निघाला आणि किती वाजता पोहोचला याची नोंद नसते. थकलेला माणूस कडेला बसतो, चहा घेतो, पाय चेपतो. तोवर पुढची दिंडी येते आणि तो तिच्यात मिसळून जातो. पुढच्या दिंडीतला पुढे आणि मागच्या दिंडीतला मागे, एवढाच काय तो फरक. वारीच्या वाटेवर वेळापूरजवळ तर वारकरी प्रत्यक्ष धावतात. त्याला 'धावा' म्हणतात. पंढरी जवळ आल्याच्या आनंदात म्हातारेकोतारेही उतारावरून पळत सुटतात. त्या धावेत पहिला कोण आला, हे विचारण्याचे आजवर कोणाला सुचलेले नाही.

वाटेवरच्या पेठांतील व्यापारी कुटुंबे या दिवशी दुकानांसमोर पाण्याची पिंपे, केळी, लाडू, चहा घेऊन उभी असतात. सकाळी आलेल्या पहिल्या वारकऱ्याला आणि सायंकाळी आलेल्या शेवटच्याला पाण्याचा पेला एकाच आदराने दिला जातो. सामुदायिक धावेत आयोजकांनी नेमके काय करावे, याचा सारा पाठ त्या एका दिवसात आहे.

चोपन्न वर्षांची शर्यत

वारीत वेळ मोजली जात नाही. पण वेळ मोजूनही जगाने जिचे कौतुक केले अशी एक अतिशय संथ मॅरेथॉन इतिहासात आहे. १४ जुलै १९१२ रोजी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये जपानचे शिझो कानाकुरी धावत होते. दिवस विलक्षण उकाड्याचा होता. निम्म्याहून अधिक अंतर गेल्यावर त्यांना उन्हाने ग्लानी आली. रस्त्यालगतच्या एका घरातील लोकांनी त्यांना बागेत बसवून प्यायला दिले. शुद्धीवर आल्यावर शर्यत अर्धवट राहिल्याची त्यांना इतकी लाज वाटली की अधिकाऱ्यांना काही न कळवता ते मायदेशी निघून गेले. स्वीडनच्या दप्तरी ते बेपत्ता म्हणून राहिले.

खरे तर कानाकुरी त्यानंतरही धावत होते. जपानमध्ये लांब पल्ल्याच्या धावेचा प्रसार त्यांनी केला आणि हाकोने येथील प्रसिद्ध सांघिक शर्यतीची कल्पनाही १९२० मध्ये प्रत्यक्षात आणली. अखेर १९६७ मध्ये स्वीडिश मंडळींनी त्यांना शर्यत पूर्ण करण्यासाठी सन्मानाने बोलावले. पंचाहत्तरीतील कानाकुरी स्टॉकहोमच्या त्याच मैदानात धावत आले आणि त्यांनी फीत तोडली. त्यांची वेळ अधिकृतपणे जाहीर करण्यात आली: ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटे आणि २०.३ सेकंद. मध्यंतरी आपले लग्न झाले, सहा मुले झाली आणि दहा नातवंडेही झाली, असे त्यांनी हसत सांगितले.

या हकिकतीला एक दुःखद बाजूही आहे. १९१२ च्या त्याच शर्यतीत पोर्तुगालचे फ्रान्सिस्को लाझारो उन्हात कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. थांबण्याची लाज वाटू नये, ही शिकवण म्हणूनच केवळ गमतीची नाही. जो वेळेवर थांबला, तो चोपन्न वर्षांनी का होईना, पोहोचला.

मागे चालणारा स्वयंसेवक

हळू धावणाऱ्याला मानाने वागवण्याची व्यवस्था आधुनिक काळात सर्वांत पद्धतशीरपणे उभी राहिली ती लंडनमध्ये. २ ऑक्टोबर २००४ रोजी बुशी पार्क या बागेत पॉल सिंटन-ह्युइट यांनी मित्रमंडळींसाठी पाच किलोमीटरची एक विनामूल्य धाव ठेवली. तेरा जण धावले. त्यातून 'पार्करन' ही चळवळ वाढली आणि अनेक देशांत दर शनिवारी सकाळी अशा धावा होऊ लागल्या. त्यांतील एक पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक ठिकाणी एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांच्या मागे चालतो. शेवटचा क्रमांक त्याचाच. त्यामुळे धावायला आलेला कोणीही कधीच शेवटचा येत नाही. शंभर भाषणांनी न जाणारा संकोच या एका योजनेने जातो.

मुंबईत २००४ मध्ये सुरू झालेल्या मॅरेथॉनमध्येही 'ड्रीम रन' नावाचा सुमारे सहा किलोमीटरचा टप्पा असतो. तिथे नवरदेवाच्या वेशात, भाजीवाल्याच्या वेशात, आजोबा-नातवाच्या जोडीने लोक येतात. क्रमांकाची कोणाला फिकीर नसते. जपानमध्ये फुकुओका विद्यापीठातील प्राध्यापक हिरोआकी तानाका यांनी याच मोकळेपणाला अभ्यासाची जोड दिली. त्यांनी सांगितलेल्या संथ धावेचा वेग तासाला चार-पाच किलोमीटर, म्हणजे चालण्याइतकाच असतो. पावले छोटी, टाच जोराने न आपटता, आणि चेहऱ्यावर हसू टिकेल एवढाच जोर. या वेगाला जपानी भाषेत 'निको निको' म्हणतात. निको निको म्हणजे स्मितहास्य. हसता येत नसेल, शेजाऱ्याशी बोलता येत नसेल, तर वेग जास्त झाला असे समजावे.

वयाची सबब सांगणाऱ्यांसाठी फौजा सिंग यांचे उदाहरण आहे. पंजाबातील हे शाकाहारी शेतकरी पुढे इंग्लंडला स्थायिक झाले आणि २००० मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी लंडनच्या मॅरेथॉनमध्ये प्रथम धावले. २०११ मध्ये टोरोंटोची मॅरेथॉन त्यांनी आठ तासांहून थोड्या अधिक वेळात पूर्ण केली, तेव्हा त्यांच्या वयाची शंभर वर्षे पूर्ण झाली होती. जन्माचा दाखला नसल्यामुळे गिनेसने तो विक्रम नोंदवला नाही. लोकांनी मात्र तो मानला. जुलै २०२५ मध्ये आपल्या गावाजवळ रस्ता ओलांडताना झालेल्या अपघातात त्यांचे निधन झाले. शंभरी गाठलेला तो माणूस शेवटच्या रांगेत धावत होता आणि साऱ्या मैदानाचे डोळे त्याच्याकडेच होते.

गादीवर बसलेला देह

व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने हा विषय केवळ करमणुकीचा नाही. सकाळी दहाला शटर वर जाते आणि रात्री नऊला खाली येते. मधल्या वेळात दुकानदार गल्ल्यावर बसलेला असतो. माल काढायला नोकर आहे, बँकेचे काम मोबाइलवर होते, जेवणाचा डबा जागेवर येतो. पूर्वी दुकान खाली आणि घर वर असे. जिन्याच्या चार खेपा तरी होत. आता घर उपनगरात, ये-जा गाडीने आणि वर जायला लिफ्ट. त्यात लग्नसराईतील पंगती, मिठाई आणि फरसाण यांची भर पडते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत आणि १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम सुचवते. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस, रोज अर्धा तास. त्यासाठी वेगाची गरज नाही, नेमाची आहे. हिशेबाची सवय असलेल्या घराला हे समजावून सांगावे लागू नये. रोजची छोटी बचत वर्षाअखेरीस मोठी होते, हे तत्त्व वहीइतकेच देहालाही लागू पडते. वर्षातून एकदा होणारी सामुदायिक धाव ही या बचतीची मुदत आहे. तारीख जवळ आली म्हणून तरी माणूस दोन महिने आधी चालू लागतो.

यात्रेचा वारसा

लांब अंतर संथपणे आणि समूहाने कापणे जैन समाजाला नवे नाही. साधू-साध्वींचा विहार आयुष्यभर पायीच चालतो. पुढची साडेतीन-चार हात जमीन न्याहाळत, जीवजंतू पायाखाली येणार नाही अशा बेताने पाऊल टाकणे, ही ईर्यासमिती. तिच्यात घाईला जागाच नाही. सम्मेदशिखरजीची यात्रा सत्तावीस किलोमीटरांची आहे: नऊ किलोमीटर चढण, नऊ किलोमीटर टोंकांची वंदना आणि नऊ किलोमीटर उतार. अनेक भाविक ती अनवाणी करतात. पालिताण्याला शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत आणि नव्वाणू यात्रा करणारे तो गिरिराज पुन्हा पुन्हा चढतात. तिथे सत्तरीच्या आजी काठी टेकत वर जाताना दिसल्या की तरुण बाजूला होऊन वाट देतात. त्या मागे पडल्या म्हणून कोणी हसत नाही. ज्या आजी शिखरजीला सत्तावीस किलोमीटर चालून आल्या, त्याच पुण्यात तीन किलोमीटरच्या धावेला लाजतात, याचे कारण पायांत नसून बघ्यांच्या नजरेत आहे.

ही नजर बदलण्याचा एक मोठा प्रयत्न अलीकडे झाला. महावीर जन्मकल्याणकाच्या तोंडावर, २ एप्रिल २०२३ रोजी, जैन इंटरनॅशनल ट्रेड ऑर्गनायझेशन म्हणजेच जितो या संस्थेच्या महिला विभागाने देशातील अनेक शहरांत आणि परदेशातही एकाच दिवशी 'अहिंसा रन' आयोजित केली. दहा, पाच आणि तीन किलोमीटर असे टप्पे होते. यांतील तीन किलोमीटरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा मानला पाहिजे. दहा किलोमीटर धावणारा एरवीही धावतच असतो. तीन किलोमीटरमुळे आजोबा, सून आणि शाळकरी नातू एकाच रस्त्यावर, एकाच रंगाच्या सदऱ्यात येऊ शकतात.

पेठेतील धाव कशी असावी

शहरव्यापी कार्यक्रमाला मोठी यंत्रणा लागते. हळू धावणाऱ्यांची धाव मात्र पेठेच्या पातळीवरही होऊ शकते. किंबहुना तिथेच ती अधिक शोभते. नारायण पेठेचेच उदाहरण घेता येईल. अलका चौकातून केळकर रस्त्याने अप्पा बळवंत चौक, तेथून बाजीराव रस्त्याने लक्ष्मी रस्ता आणि परत अलका चौक, अशी फेरी साधारण दोन-अडीच किलोमीटरांची होते. ज्याला झेपेल त्याने दोन फेऱ्या घालाव्यात, बाकीच्यांनी एक. फेरीच्या मार्गाचा मोठा गुण असा की त्यात पुढचा आणि मागचा हा भेद पुसला जातो. दुसरी फेरी घालणारा तरुण पहिली फेरी घालणाऱ्या आजोबांच्या शेजारून जातो, आणि पाहणाऱ्याला कोण कितवा हे कळत नाही. शिवाय कोणी दमलाच तर तो घरापासून दूर नसतो.

लक्ष्मी रस्ता वाहनांविना कसा दिसतो, हे पुणेकरांनी पाहिलेले आहे. ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने पादचारी दिन साजरा केला, तेव्हा या रस्त्याचा गरुड गणपती चौकापर्यंतचा एक भाग दिवसा वाहनांसाठी बंद ठेवून चालणाऱ्यांना मोकळा केला होता. रविवारच्या सकाळी, दुकाने उघडण्यापूर्वीच्या दोन तासांत, फार मोठी अडचण न करता धाव होऊ शकते. महापालिका आणि वाहतूक पोलीस यांची परवानगी, रुग्णवाहिका आणि प्राथमिक उपचारांची सोय या गोष्टी मात्र छोट्या धावेलाही मोठ्या धावेइतक्याच आवश्यक आहेत.

जैन कुटुंबांच्या नियमधर्माचा विचार आखणीच्या वेळीच व्हायला हवा. पुष्कळ धावा सूर्योदयापूर्वी सुरू होतात. नवकारसी करणारा सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे होईपर्यंत पाणीही घेत नाही. त्याने तहानलेल्या घशाने धावावे आणि पाण्याचे टेबल नुसते पाहत पुढे जावे, हे योग्य नाही. म्हणून थंडीच्या दिवसांत, नवकारसीची वेळ झाल्यानंतर धाव सुरू करावी. उकाळलेल्या पाण्याची वेगळी सोय ठेवावी. अल्पाहारातील पोह्यांत कांदा-बटाटा नसावा. प्लॅस्टिकच्या पेल्यांचा खच पाडण्यापेक्षा स्टीलचे पेले आणि ते धुणारे चार हात उभे करावेत. मार्ग हिरवळीवरून न नेता पक्क्या रस्त्यावरूनच न्यावा. बूट कापडी किंवा कृत्रिम धाग्याचे चालतात. चामड्याची गरज नसते.

वर्षीतप करणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशी धावू नये. त्यांच्यासाठी स्वयंसेवकाचे काम उत्तम. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उपाशीपोटी औषध आणि व्यायाम एकत्र आल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. छातीत दुखणे, चक्कर येणे, घाम फुटून डोळ्यांसमोर अंधारी येणे, यांपैकी काहीही जाणवले की त्याच क्षणी थांबावे आणि स्वयंसेवकाला सांगावे. कानाकुरी लाजेपोटी कोणाला न सांगता निघून गेले. ते अनुकरणीय नाही.

नवख्या माणसाने दोन महिने आधी तयारी सुरू करावी. पहिले दोन आठवडे रोज वीस-पंचवीस मिनिटे नुसते चालावे. त्यानंतर दोन मिनिटे चालणे आणि अर्धा मिनिट संथ धावणे असा क्रम ठेवावा. धावण्याचा वेळ दर आठवड्याला थोडाथोडा वाढवावा. दुकानातून घरी परतताना गाडी थोडी दूर लावली तरी अर्धी तयारी होते. बरोबर जोडीदार असावा. पती-पत्नी, नणंद-भावजय किंवा व्याही-व्याही अशा जोड्या या कामी उपयोगी पडतात, कारण बोलण्यासारखे पुष्कळ असते आणि बोलता बोलता वेग आपोआप आवाक्यात राहतो.

शेवटचा येईपर्यंत

या साऱ्या आखणीत सर्वांत अवघड काम शेवटच्या अर्ध्या तासाचे आहे. पहिले आलेले घामेजलेले तरुण छायाचित्रे काढून, नाश्ता करून निघून गेलेले असतात. पाहुण्यांची भाषणे संपलेली असतात. मंडपवाला घड्याळ पाहत असतो. अशा वेळी अजून दोघी-तिघी लक्ष्मी रस्त्याच्या कडेने, एकमेकींचा हात धरून, पदर सावरत येत असतात. त्यांतली एखादी शाळा सुटल्यानंतर पन्नास वर्षांत प्रथमच धावलेली असते. त्या अलका चौकात पोहोचतात तेव्हा समोर रिकाम्या खुर्च्या आहेत की टाळ्या वाजवणारी माणसे, यावर ती पुढच्या वर्षी येईल की नाही, रोज सकाळी चालेल की नाही आणि सुनेला घेऊन येईल की नाही, हे सारे ठरते.

म्हणून हळू धावणाऱ्यांच्या धावेचा पहिला नियम वेगाविषयी नसून थांबण्याविषयी असावा. पाण्याचे टेबल शेवटचे पाऊल पडेपर्यंत उचलू नये. प्रमुख पाहुण्यांनी पहिल्याच्या गळ्यात हार घालून निघून न जाता शेवटच्याच्या स्वागताला थांबावे. पदके द्यायचीच असतील तर सर्वांना एकसारखी द्यावीत. आणि गरम उकाळ्याचा एक पेला मुद्दाम झाकून ठेवावा, शेवटून पहिल्या येणाऱ्यासाठी.